चाकाला साखळी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु माणसाच्या आयुष्याला वळण लावणाऱ्या पुष्कळ वस्तू अगदी लहान असतात. बखरीत त्यांना जागा मिळत नाही आणि शाळेच्या पुस्तकातही मिळत नाही. आज अशाच एका वस्तूविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. ही वस्तू म्हणजे बर्फाच्या रस्त्यावर मोटारीच्या चाकाला बांधावयाची लोखंडी साखळी.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात गारांपलीकडे बर्फ कधी पडला नाही, मग या साखळीशी आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो दोन बाजूंनी आहे. एक तर आपल्या गावांतून माल वाहणारी छोटी मोटार, जिला आपण सरसकट ‘पिकअप’ म्हणतो, तीच जातीची गाडी हिमाचलात आणि काश्मिरात सफरचंदांच्या पेट्या, दूध, औषधे आणि वेळप्रसंगी आजारी माणूससुद्धा वाहून नेते. दुसरे असे, की आपल्याकडची कितीतरी मुले सैन्यात आणि सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर आहेत. शिवाय अलीकडे महाराष्ट्रातली मंडळी स्वतःची गाडी घेऊन मनाली, गुलमर्ग, लडाख इकडे जाऊ लागली आहेत. गाडी तीच असली तरी तिकडे रस्ता वेगळा असतो, आणि वेगळ्या रस्त्याचे शहाणपण आधी माहीत असलेले बरे.

आता मुळापासून पाहू. आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते. ती अरुंद आणि कठीण असल्यामुळे जमिनीत थोडी रुतते आणि रुतली म्हणून धरून राहते. पुढे १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी धावेचा हक्क नोंदवला आणि प्रवास मऊ झाला. धक्के गेले, वेग वाढला. पण एक सुख आले की एक दुःख पाठोपाठ येतेच. सुरुवातीच्या या रबरी धावा वरून अगदी गुळगुळीत असत. कोरड्या रस्त्यावर त्या छान चालत. चिखल आला, हिम आले, की चाक जागच्या जागी गरगरा फिरे आणि गाडी तसूभर हलत नसे.

असे का होते, हे शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना अवश्य समजावून सांगावे. चाक गाडीला पुढे नेते ते घर्षणाच्या जोरावर. इंजिन चाक फिरवील, पण जमिनीने चाकाला धरले नाही तर ते फिरणे व्यर्थ. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या हिमावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि चकचकीत बर्फावर ०.१ च्या आसपास. या आकड्यांचा अर्थ असा पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे साडेआठ मीटरांत थांबते. घट्ट हिमावर तिला सुमारे ३१ मीटर लागतात, आणि निसरड्या बर्फावर ६० मीटरांहून अधिक. म्हणजे घराच्या अंगणात थांबणारी गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन थांबते. आणि मध्ये दरी असली तर? सारा प्रश्न त्या ‘तर’मध्ये आहे.

बर्फ निसरडा का, याचे उत्तर पूर्वी असे देत की वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याचा थर तयार होतो. पण एवढ्याने सगळे उलगडत नाही. मायकेल फॅरडे यांनी १८५० च्या सुमारासच असा विचार मांडला होता की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. पुढच्या संशोधनाने त्या विचाराला बळकटी मिळाली. घासण्याच्या उष्णतेने त्यात भर पडते. म्हणून शून्य अंशाच्या जवळपासचा, ओलसर झालेला बर्फ फार वाईट. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्यामानाने थोडा बरा.

या अडचणीवर पहिला उपाय विद्वानांनी शोधला नाही, तो रस्त्यावर अडकलेल्या माणसांनी शोधला. आपल्याकडे चिखलात गाडी रुतली की काय करतात? चाकाखाली पोते टाकतात, तुराट्या टाकतात, कुणी चाकाला दोर गुंडाळतो. अमेरिकेतही तेच चालले होते. न्यूयॉर्क राज्यात कॅनस्टोटा नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या हॅरी वीड या गृहस्थाने पाहिले, की मोटारवाले चाकाला दोर बांधतात, वेलीसुद्धा गुंडाळतात, आणि तेवढ्यापुरती गाडी निघते. परंतु दोर थोड्या अंतरात झिजून तुटतो. त्याने दोराच्या जागी साखळी आणली. चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक लांब साखळी, आणि त्या दोघींना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या, रबराच्या पाठीवरून जाणाऱ्या. २३ ऑगस्ट १९०४ रोजी त्याला या युक्तीचा पेटंट हक्क मिळाला.

या रचनेतली खुबी ध्यानात घ्या. रबराचा पसरट तळवा गाडीचे वजन मोठ्या जागेवर वाटून टाकतो. आडवी साखळी तेच वजन लोखंडाच्या काही कड्यांवर गोळा करते. वजन तेवढेच, पण जागा लहान. म्हणून कडी बर्फात घुसते आणि पकड घेते. बैलगाडीची धाव जे करीत होती तेच काम इथे साखळी करते. फक्त ती हवी तेव्हा चढवता येते आणि काम झाले की उतरवता येते. मऊ प्रवासही राहिला आणि पकडही मिळाली.

त्याच १९०४ साली जर्मनीतील कॉन्टिनेंटल कंपनीने नक्षी असलेली रबरी धाव बाजारात आणली. म्हणजे एकाच वर्षी एकाच रोगावर दोन औषधे निघाली. एक म्हणजे रबरालाच दात पाडायचे आणि दुसरे म्हणजे रबरावर लोखंड बांधायचे. यांपैकी कोणते चांगले, हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि खरे सांगायचे तर दोन्ही लागतात. वीडची साखळी मात्र इतकी गाजली, की १९०८ साली न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात हूदिनी या प्रसिद्ध जादूगाराला मोटारीच्या याच साखळ्यांनी जखडून ‘आता सुट बरे’ असे आव्हान दिले गेले. जाहिरातीची कला तेव्हाही होतीच, बरं का!

याच काळातली दक्षिण ध्रुवाकडची एक हकीकत आहे. शॅकल्टन यांची मोहीम १९०८ साली अंटार्क्टिकावर उतरली, तेव्हा तिने आपल्याबरोबर एक मोटारगाडी नेली होती. त्या खंडावर पोचलेली ती पहिलीच मोटार. गोठलेल्या समुद्राच्या कठीण बर्फावर ती बरी धावली, सामान पोचवायला उपयोगी पडली. पण भुसभुशीत हिमात तिची चाके रुतली आणि तिथे तिचे काही चालेना. पुढे स्कॉट यांच्या मोहिमेने चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन यांत्रिक घसरगाड्या नेल्या. त्यांतली एक जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली आणि उरलेल्या दोन १९११ साली ध्रुवाच्या वाटेवर थोड्याच दिवसांत इंजिन बिघडून बंद पडल्या. या दोन्ही हकीकतींतून एक बोध निघतो. एका गाडीच्या इंजिनाला जोर होता, पण चाकाला पकड नव्हती. दुसरीकडे पकड होती, पण इंजिन थंडीत टिकले नाही. साखळी हा गाडीच्या तयारीचा एक भाग आहे, सगळी तयारी नव्हे.

आता पिकअपकडे येऊ. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मोटारी घेतल्या आणि बघता बघता त्यांची मागची बाजू कापून तिथे लाकडी खोके बसवायला सुरुवात केली. दुधाचे कॅन, धान्याची पोती, एखादे वासरू, सगळे त्यात. शेतकऱ्यांची ही गरज ओळखून फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘टी’ मोटारीला मागे पोलादी हौदा लावून ती थेट कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. पहिल्या वर्षातच अशा ३३ हजारांहून अधिक गाड्या गेल्या. या गाडीचा जन्मच असा शेताच्या बांधावर झाला आहे. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत जीप जोडण्याचे काम सुरू झाले, आणि पुढे त्याच वळणाच्या मालवाहू गाड्या आल्या. २००५ साली टाटांची छोटी मालगाडी आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. हे नाव कोणत्याही कंपनीला सुचले नसते.

पण या गाडीची एक खोड आहे. बहुतेक पिकअपांत इंजिन पुढे असते, तर जोर मिळतो मागच्या चाकांना. मागे माल भरला असेल तर ठीक. चाकांवर वजन असते, पकड मिळते. हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी होते, आणि ज्या चाकांनी गाडी ढकलायची तीच चाके हलकी पडतात. म्हणून रिकामी पिकअप बर्फावर भरलेल्या पिकअपपेक्षा अधिक फसते. बर्फाळ मुलखातले जाणते चालक रिकाम्या परतीला हौद्यात, बरोबर मागच्या आसावर, वाळूची पोती ठेवतात. ती सरकू नयेत म्हणून घट्ट बांधतात. त्यामुळे वजन मिळते, आणि अडकलेच तर चाकाखाली टाकायला वाळूही मिळते. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते असे.

उत्तर युरोपात साखळीला दुसरा पर्याय शोधला गेला. फिनलंडमधल्या एका रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी हिवाळ्याची खास धाव तयार केली. तिच्यावर आडव्या जाड पट्ट्या होत्या. तिचा उद्देशच असा, की मालमोटारीला वारंवार साखळी चढवावी-उतरवावी लागू नये. आज हिवाळी धावा खूप सुधारल्या आहेत. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते. आपल्याकडच्या नेहमीच्या धावेचे रबर कडाक्याच्या थंडीत कडक होते, आणि तिथेच निम्मी पकड जाते. तरीसुद्धा उभ्या चढावर, घट्ट बर्फावर, हिवाळी धावेनेही हात टेकले की शेवटी साखळीच काढावी लागते.

आता आपल्या हिमालयात येऊ. १९४८ सालच्या शरद ऋतूत लडाखची वाट झोजी-ला या खिंडीत अडली होती. खिंडीची उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. जनरल थिमय्या यांनी ठरवले, की तिथे रणगाडे न्यायचे. एवढ्या उंचीवर रणगाडे जातील असे शत्रूच्या ध्यानीमनी नव्हते. रणगाड्यांचे वरचे बुरूज काढून, ते झाकून, गुपचूप पुढे नेण्यात आले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांची वाट रणगाडा जाईल एवढी रुंद केली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी, हिम पडत असताना, सातव्या कॅव्हलरीचे रणगाडे खिंडीतून पार गेले आणि त्याच महिन्यात लेहशी संबंध जोडला गेला. रणगाड्याचा पट्टा आणि आपली साखळी यांचे नाते जवळचे आहे. पट्टा म्हणजे चाकाने स्वतःचा रस्ता आपल्याबरोबर घेऊन चालणे. साखळी म्हणजे त्याच कल्पनेची गरीब, पण खिशाला परवडणारी बहीण.

पुढे १९५६ साली बनिहालखालचा जवाहर बोगदा सुरू झाला. ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली, आणि हिमालयातल्या रस्त्यांची देखभाल तिच्याकडे आली. या संघटनेच्या अभियंता दलाचे केंद्र आपल्या पुण्याजवळ दिघी येथे आहे. झोजी-लावर हिम कापणारी यंत्रे चालवणारा जवान दिघीतून गेलेला असतो, हे आपल्या मुलांना माहीत असावे. ही खिंड पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. २०२५ साली ती अवघ्या ३२ दिवसांच्या बंदीनंतर १ एप्रिलला पुन्हा खुली झाली. तिकडे हिमाचलात रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल खोऱ्यातली माणसे महिनोन्‌महिने जगापासून तुटत. कुणी आजारी पडले तर हेलिकॉप्टरची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला आणि ती कोंडी फुटली.

मग बोगदे झाल्यावर साखळीचे काम संपले काय? नाही. बोगद्याच्या तोंडापर्यंत जायला रस्ता लागतोच, आणि त्या रस्त्यावर हिम पडतेच. किंबहुना पूर्वी जिथे हिवाळ्यात कुणी जात नसे, तिथे आता माणसे जाऊ लागली. हिमवृष्टीनंतर टंगमर्ग ते गुलमर्ग या रस्त्यावर किंवा मनालीच्या वरच्या अंगाला साखळीवाल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांनाच पुढे सोडण्याचा शिरस्ता आहे. हा नियम कुणाला अडवण्यासाठी नाही. एक गाडी आडवी झाली की तिच्यामागे शंभर गाड्या अडकतात, आणि त्या शंभरांत एखादी रुग्णवाहिका असते.

आता व्यवहाराचे बोलू. कुणाला पिकअपसाठी साखळी घ्यावयाची असेल तर त्याने पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, माप कोणते? प्रत्येक धावेच्या अंगावर तिचे माप कोरलेले असते. उदाहरणार्थ २१५/७५ आर १५. यात २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरांत, ७५ म्हणजे उंची रुंदीच्या शेकडा किती ती, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. हे संपूर्ण माप कागदावर लिहून न्यावे. ‘बोलेरोची द्या’, ‘जीपची द्या’ असे दुकानात सांगू नये, कारण एकाच नावाच्या गाडीला निरनिराळ्या मापांच्या धावा असतात. मोठी साखळी सैल पडते आणि लहान साखळी बसतच नाही. अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही.

दुसरा प्रश्न, जागा किती? चाक आणि पाटे, चाक आणि ब्रेकची नळी, चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये किती मोकळी जागा आहे ते पाहावे. साखळीला जाडी असते, आणि वेगात ती थोडी बाहेर फेकली जाते. जागा अपुरी असेल तर साखळी ब्रेकची नळी कापते. मग बर्फावर ब्रेकही नाही! अमेरिकेत कमी जागेच्या गाड्यांसाठी साखळ्यांचा एक वेगळा वर्गच ठरवला आहे. त्यात धावेच्या पाठीवर सुमारे ३७ मिलिमीटर आणि आतल्या अंगाला सुमारे १५ मिलिमीटर जागा पुरते. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकात साखळीविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. काही मापांच्या धावांवर साखळी लावूच नका असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते, आणि ते पाळावे.

तिसरा प्रश्न, नक्षी कोणती? शिडीसारखी साखळी स्वस्त आणि दणकट असते. सरळ चढाला ती उत्तम. पण दोन आडव्या पायऱ्यांच्या मधल्या जागेत रबर मोकळे राहते, त्यामुळे गाडी धडधडते आणि बाजूला घसरण्याची भीती अधिक असते. शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी असलेल्या साखळीत लोखंड सतत जमिनीला लागलेले राहते. ती वळणावर चांगली धरते आणि गाडी कमी हादरते. किंमत थोडी जास्त. तारेच्या दोरावर बसवलेल्या हलक्या साखळ्याही मिळतात. त्या कमी जागेत बसतात, पण माल भरलेल्या पिकअपला त्या लवकर झिजतात. चाकावर चढवावयाचे कापडी मोजेसुद्धा निघाले आहेत. अडीनडीला थोड्या अंतरापुरते ते ठीक, रोजच्या ओझ्याला नव्हेत.

चौथा प्रश्न, कडी कशी? गोल सळईची कडी लवकर गुळगुळीत होते. चौकोनी किंवा इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या छेदाच्या कडीला धार असते, म्हणून ती बर्फात अधिक धरते. लोखंड कसाचे आहे का, जोडकामात चीर आहे का, आकड्या नीट मिटतात का, हे हातात घेऊन पाहावे. बैलासाठी वेसण घेताना आपण जेवढे पारखतो तेवढे तरी इथे पारखावे.

पाचवा प्रश्न, कोणत्या चाकांना? ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांना. साध्या पिकअपला मागच्या दोन चाकांना. साखळी नेहमी जोडीनेच लावायची, एका चाकाला कधीही नाही. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला चारही साखळ्या लावल्या तर सर्वांत बरे. दोनच असतील तर कोणत्या आसाला, हे गाडीच्या पुस्तकात पाहावे. मागेच साखळी लावली असेल तर एक गोष्ट विसरू नये, की पुढची चाके अजून उघडीच आहेत. गाडी चढेल, परंतु वळताना पुढची बाजू सरळच जाऊ पाहील.

साखळी घेतली म्हणजे काम झाले असे नाही. ती घरी, अंगणात, उजेडात दोन वेळा चढवून उतरवून पाहावी. हातमोजे घालून पाहावी, कारण तिकडे उघड्या बोटांना लोखंड सहन होत नाही. रात्री, बर्फात, पाठीमागे भोंगे वाजत असताना शिकण्याची ही विद्या नव्हे. साखळी लावताना सपाट आणि वाहतुकीपासून बाजूची जागा पाहावी, हातब्रेक ओढावा, दुसऱ्या चाकांना दगड लावावा. आकड्यांची उघडी तोंडे बाहेरच्या बाजूला यावीत, म्हणजे रबराला टोचत नाहीत. बसवल्यावर शंभर-दोनशे पावले हळू जाऊन थांबावे आणि पुन्हा एकदा आवळावी, कारण पहिल्या काही फेऱ्यांत ती आपली जागा धरते आणि सैल होते. साखळी बसवण्यासाठी धावेतली हवा कमी करू नये.

वेग किती? जर्मनीत साखळी लावलेल्या गाडीला ताशी ५० किलोमीटरांची कायद्याने मर्यादा आहे. ही झाली वरची मर्यादा. आपल्या हिमालयी वळणांवर त्याच्या निम्माही पुरे. आपल्या घाटातल्या जुन्या चालकांचा नियम इथेही लागू आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतार उतरा. ब्रेक दाबून धरू नका. आणि कोरडा रस्ता लागला की साखळी लगेच उतरवा. कोरड्या रस्त्यावर साखळी तुटते, तुटलेले टोक पत्रा फाडते, आणि रस्ताही खरवडला जातो. तो रस्ता पुन्हा दुरुस्त करायला कुणीतरी उन्हाळ्यात तिथे राबणार असते.

कॅलिफोर्नियाच्या डोंगरात साखळीसंबंधी नियमांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर चांगल्या हिवाळी धावा असलेल्या हलक्या गाड्यांना सूट असते. दुसऱ्या पायरीवर चारही चाकांना जोर आणि चारही हिवाळी धावा असतील तरच सूट, आणि तेव्हाही साखळ्या गाडीत बरोबर असाव्याच लागतात. तिसऱ्या पायरीवर कुणालाच सूट नाही. आणि व्यवहारात बहुधा असे होते, की तिसरी पायरी येण्याआधी रस्ताच बंद करतात. यातले तारतम्य घेण्यासारखे आहे. निसर्गाचा जोर वाढतो तसतशी तयारी वाढवावी, आणि एका टप्प्यानंतर ‘आज जायचे नाही’ हीच तयारी.

कारण साखळीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ती चढायला मदत करते, थांबायलाही काही करते. पण निसरड्या बर्फाचा कोरडा रस्ता करीत नाही. वरून कोसळणारा हिमकडा ती रोखीत नाही. साखळी लावली म्हणून वेग वाढवणारा चालक हा साखळी नसलेल्या सावध चालकापेक्षा अधिक धोक्यात असतो. गाडीत मागे बसलेली माणसे त्याच्या भरवशावर असतात. त्यांना चाकाखाली काय आहे ते दिसत नाही.

शिक्षकांसाठी शेवटी एक प्रयोग सांगतो. एक गुळगुळीत फळी घ्या, ती ओली करून साबण लावा. तिच्यावर एक लाकडी ठोकळा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागेल तो कोन मोजा. मग त्याच ठोकळ्याला जाड सुतळीचे चार-पाच आडवे वेढे द्या आणि पुन्हा मोजा. कोन वाढलेला दिसेल. वरच्या वर्गातल्या मुलांना सांगा, की त्या कोनाचा स्पर्शक, म्हणजे ‘टॅन’, काढला की घर्षणांक मिळतो. न्यूयॉर्कच्या खेड्यातल्या त्या माणसाने रस्त्यावर जे पाहिले तेच मुलांना वर्गात दिसेल, आणि तेही चार आण्यांच्या सुतळीत.

आपल्या कोकणात भाताच्या खाचरात ट्रॅक्टरला लोखंडी जाळीदार चाके लावतात, ती याच कुळातली. चिखल असो की बर्फ, तत्त्व एकच. रुतलेल्या गाडीला दोर गुंडाळणारे ते अनाम मोटारवाले, पोते टाकणारा आपला शेतकरी, हौदा जोडणारा अमेरिकन शेतकरी, झोजी-लाची वाट रुंद करणारे जवान, यांतल्या बहुतेकांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत. नोंदवले गेले ते ज्याने नीट पाहिले आणि कागदावर उतरवले त्याचे. म्हणून आपल्या गावातल्या गवंड्याने, लोहाराने, चालकाने काढलेली एखादी नामी युक्ती मुलांनी वहीत लिहून ठेवावी, खाली त्याचे नाव आणि वर्ष घालावे. आणि तुमच्या घरातले कुणी यंदाच्या हिवाळ्यात डोंगराकडे निघाले असेल, तर गाडी निघण्यापूर्वी त्याच्या धावेचे माप कागदावर उतरवून घ्या. तेवढे काम आजच होण्यासारखे आहे.